वैद्यबाई आणि हिरवं बटण

वैद्यबाई पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या त्या भांडायला. जिना चढून आल्यावर त्यांनी दम खाल्ला नाही की खुर्ची घेतली नाही. दारातूनच विचारलं, "ह्या साईटचा मालक कोण हाय?"

प्रल्हादभाऊ फोनवर होते. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, म्हणून मी उठलो.

आमची साईट म्हणजे 'दोन्हीकाठ'. पैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मराठी माणसांसाठी प्रल्हादभाऊंनी ती आदिलाबादेत सुरू केली होती. कापसाचा भाव, बसच्या बदललेल्या वेळा, दहावीचे निकाल, कोण वारलं, जनावरांची लस कोणत्या गावात कधी येणार, असं सगळं त्यात असायचं. तेलुगू पेपरात ज्याला दोन ओळी मिळायच्या आणि महाराष्ट्रातल्या पेपरात एकही नाही, ते आमच्याकडे सापडायचं. बातम्या भाऊ बघायचे आणि मशीनचं काम मी. मी तलमडुगुकडचा. हैदराबादला एका कंपनीत बरीच वर्षं काढून घरी परतलो होतो आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर भाऊंचा भागीदार झालो होतो.

दारातल्या बाई साठीच्या, किरकोळ बांध्याच्या. मनगटावर घड्याळ आतल्या बाजूनं बांधलेलं. त्यांनी आपला फोन माझ्यासमोर धरला, पण माझ्या हातात दिला नाही.

"ही उटनूरच्या बसची बातमी. मी इथं दाबते. दाबता दाबता पान खाली सरकते अन् माझ्या बोटाखाली कमरेच्या पट्ट्याची जाहिरात येते. तीन वेळा झालं. काऊन?"

"नेट स्लो असलं की तसं होते बाई," मी म्हणालो. "आपोआप होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी जन्म तहसीलीत काढला. तिथं आपोआप झालेलं मी तर काहीच पाह्यलं नाही."

मी जे बोललो ते अर्धं खरं होतं. नेट मंद असलं की जाहिरात उशिरा उतरते आणि पानाला खाली ढकलते. पण जाहिरातीसाठी जागा आधीच मोकळी राखून ठेवली, तर पान हलत नाही. ते दहा मिनिटांचं काम होतं आणि मी ते मुद्दाम करत नव्हतो. कारण पान हललं की लोकांचं बोट चुकून जाहिरातीवर पडायचं, आणि हैदराबादची एजन्सी आम्हाला दर दाबण्यामागे पैसे द्यायची. हे मला ठाऊक होतं. भाऊंनाही ठाऊक होतं. आमच्यात त्यावर बोलणं मात्र कधी झालं नव्हतं.

भाऊंचा फोन संपला. त्यांनी बाईंना बसवलं, चहा मागवला. बाईंनी चहाला हात लावला नाही. तेवढ्या वेळात आमच्या पहिल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका सांगितल्या, त्यातली एक एका मयत माणसाच्या नावात होती. "त्यांच्या घरच्यांनी वाचलं असंल हे," एवढंच म्हणाल्या. भाऊ खजील झाले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बाईंना अर्ध्या दिवसाच्या कामावर बोलावलं. मला म्हणाले, "बाहेर राहून बोंबा मारण्यापेक्षा आत बसून चुका काढू दे." बाईंनी होकार दिला, पण त्याआधी तीन दिवस आजूबाजूच्या दुकानांतून आमची चौकशी केली. हे आम्हाला खालच्या खतवाल्यानं सांगितलं.

तहसीलीत त्या रेकॉर्ड रूममध्ये होत्या. निजामाच्या काळापासूनच्या मिसली म्हणजे शिवलेल्या फायली, पहाण्या म्हणजे जमिनीच्या नोंदी, नकाशे. संशय हा त्यांचा स्वभाव होता की नोकरीनं लावलेली सवय, हे मला कधीच कळलं नाही. एकदा त्यांनीच एक गोष्ट सांगितली. दोन भावांच्या जमिनीची जुनी मिसल कोणीतरी मागितली होती. कागद सगळे होते, शिक्के होते, दस्तखत होते. बाईंनी मात्र मिसल शिवलेल्या दोऱ्याची भोकं पाहिली. इतर पानांची भोकं दोऱ्यानं घासून मोठी झाली होती, मधल्या एका पानाची मात्र सुईएवढी बारीक होती. ते पान नंतर घातलेलं होतं. "वाचून काही समजलं नसतं," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं चांगलं लिहिलं होतं. भोकं मात्र तो विसरला."

आमच्याकडेही त्या तशाच वाचायच्या. बातमी आधी खालून वर. मग फोन हातभर लांब धरून पूर्ण पान, काही न वाचता, नुसतं चित्रासारखं. पानावर काही नवीन दिसलं की त्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हे कोणासाठी?" वाचकासाठी असलं तर मान हलवायच्या. आमच्यासाठी असलं तरी रागवायच्या नाहीत, फक्त म्हणायच्या, "मंग तसं लिवा तिथं." साईट उघडल्यावर अटींना 'मंजूर आहे' म्हणायची पट्टी यायची, तिला त्या 'कोऱ्या कागदावरचा दस्तखत' म्हणायच्या. मी ऑफिसच्या फोनवर ती दाबली की मान वळवून घ्यायच्या, जसं काही मी त्यांच्यासमोर गुन्हा करत होतो.

जाहिरातींच्या त्या विरुद्ध होत्या असं मात्र नाही. "जाहिरात पायजेच," त्या म्हणायच्या. "नाहीतर मला पगार कोण देईल? पण जाहिरातीनं जाहिरातीसारखं दिसावं. बातमीचं लुगडं नेसून येऊ नये."

भाऊंची बाजूही खोटी नव्हती. ते म्हणायचे, "बाई, वाचकाला सगळं फुकट पायजे. जागेचं भाडं, दोन वार्ताहर, सर्व्हर, हे कोण देते? एक बातमी मी चार पानांत तोडतो तेव्हा चार वेळा जाहिरात दिसते. एका पानात दिली तर आपण सहा महिन्यांत बंद." बाई ऐकून घ्यायच्या. मग विचारायच्या, "बंद पडलो तर कोणाला समजंल? त्या चार पानांतलं चौथं पान कोणी वाचते का?" मी आकडे काढून पाहिले. चौथ्या पानापर्यंत जवळजवळ कोणीच जात नव्हतं. बसची वेळ आम्ही चौथ्या पानावर टाकत होतो.

दोन महिने झाले असतील. भाऊंनी मला एके दिवशी जिन्यात थांबवलं. "संतोष, ही बाई रोज अकरा वाजता ऑफिसचा जुना फोन घेऊन कुठं जाते?"

मला ठाऊक नव्हतं.

"दुसरी साईट निघून राह्यली म्हणतात. आपल्या वाचकांची माहिती तर नेत नाही ना ही? जरा पाहा."

मला हे काम आवडलं नाही, पण खरं सांगायचं तर मलाही शंका होती. त्या फोनमध्ये आमच्या वाचकांचे नंबर होते. दुसऱ्या दिवशी अकराला मी बाईंच्या मागे निघालो. त्या सरळ बसस्टँडवर गेल्या. खांबाजवळच्या बाकावर बसल्या. शेजारी एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. वैद्यबाईंनी फोन तिच्या हातात दिला आणि काहीतरी बोलल्या. ती फोनवर बोट फिरवू लागली. बाई तिच्या बोटाकडे बघत होत्या. थोड्या वेळानं फोन परत घेतला, दुसऱ्या बाकावर गेल्या. तिथं एक माणूस. पुन्हा तेच.

मी रसवंतीच्या आडोशाला उभा होतो. तिसऱ्या बाकावरून त्यांनी हाक मारली, "समोर या संतोषराव. लपायला तुमची उंची जास्त हाय."

मी जाऊन बसलो. "भाऊंनी पाठवलं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "बरोबर केलं. मी असती तर मीही पाठवला असता माणूस." त्या अजिबात रागावल्या नाहीत. उलट मला जागा करून दिली आणि म्हणाल्या, "आता आलेच हाय तर बसा. तोंडाकडं नका पाहू. अंगठ्याकडं पाहा. तोंड सांगते की सगळं समजलं. अंगठा खोटं बोलत नाही."

त्या वेळी एक म्हातारे शेतकरी येऊन बसले. धोतर, खांद्यावर टॉवेल. बाईंनी त्यांना फोन दिला. "बाबा, एवढा कापसाचा भाव वाचून दाखवा. माझे डोळे बराबर नाहीत." म्हाताऱ्यांनी आनंदानं फोन घेतला. भावाच्या बातमीवर अंगठा ठेवला. पान सरकलं, अंगठ्याखाली कर्जाची जाहिरात आली, ती उघडली. त्यांनी मागे जायला पाहिलं तर 'सूचना मिळवा' अशी चौकट आली. त्यांनी तीही दाबली. मग सगळा स्क्रीन लाल झाला, त्यावर काहीतरी जिंकल्याची गोष्ट. म्हाताऱ्यांचा अंगठा हवेतच थांबला. त्यांनी टॉवेलच्या टोकानं फोन पुसला, दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला.

"माफ करा बाई. माझ्या हातानं काहीतरी बिघडलं."

"बिघडलं नाही बाबा."

"बिघडलं असंल तर पोराला पाठवतो. तो दुरुस्त करून देईल."

बाईंनी त्यांना समजावलं, चहा पाजला. ते आपल्या बसकडे गेल्यावर बाईंनी तो लाल स्क्रीन बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "संतोषराव, खोड आपली, अन् माफी त्यांनी मागितली."

त्याच दुपारी मी जाहिरातींसाठी जागा राखून ठेवली. पान हलायचं थांबलं. भाऊंना मी काही सांगितलं नाही. महिन्याच्या शेवटी एजन्सीकडून आलेली रक्कम कमी दिसली तेव्हा भाऊंनी बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्या दिवसापासून ऑफिसात तिघं जण एकमेकांवर नजर ठेवून होते.

मग ते हिरवं बटण आलं.

दहावीचा निकाल लागला होता. आमच्या भागात निकालानंतर घराघरात एकच विषय असतो, बासरला नंबर लागेल का. तिथल्या विद्यापीठात दहावीनंतरच मुलांना घेतात, ठेवतात, शिकवतात. खेड्यातल्या हुशार मुलीला घरचे दुसरीकडे कुठं पाठवणार नाहीत, पण बासरला पाठवतात. सरस्वतीचं ठिकाण, गोदावरीचा काठ. आयांचा त्यावर भरवसा असतो. अर्ज कसा भरायचा, शेवटची तारीख कोणती, हे आम्ही सविस्तर छापलं आणि खाली खऱ्या अर्जाकडे नेणारं हिरवं बटण ठेवलं. ती बातमी आमच्या आजवरच्या कोणत्याही बातमीपेक्षा जास्त वाचली गेली.

तिसऱ्या दिवशी एजन्सीच्या माणसाचा फोन आला. "संतोषजी, इस पेज के लिए एक अच्छा क्लायंट है। एज्युकेशन वाला। आपके बटन का रंग बता दीजिए, मॅच करना है।" मी रंगाचा नंबर सांगितला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. जाहिरात लागली ती आमच्या बटणाच्या बरोबर वर. 'इथे अर्ज करा', तसंच हिरवं, तसेच गोल कोपरे. मी ती पाहिली होती. 'पाहिली नाही' असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सांगत नाही.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना सकाळी ऑफिसचा फोन वाजला. बाईंनी उचलला. तलमडुगुकडच्या एका गावातून लताबाई नावाच्या आईचा फोन होता. आभार मानायला केला होता. "तुमच्याच साईटवर अश्विनीचा फॉर्म भरला बाई. लई सोपं होतं. आता बासरवरून पत्र कधी येईल?"

मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. "लताबाई, फॉर्ममंधी काय काय विचारलं?"

तिकडून सांगितलेलं त्या मोठ्यानं परत म्हणत होत्या, म्हणजे मला ऐकू यावं. "नाव. बापाचं नाव. फोन नंबर. उत्पन्न किती. बरं. मार्क विचारले का? नाही? हॉल तिकीट नंबर? तोही नाही?" त्यांनी फोन ठेवला. पान उघडलं, हातभर लांब धरून पाहिलं.

"दोन बटणं हायेत," त्या म्हणाल्या. "एक आपलं, एक कोणाचं तरी. संतोषराव, दोन रंग एवढे सारखे कसे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आपोआप झालं असं म्हणालो असतो. पण ते म्हातारे शेतकरी, तो टॉवेल, फोन पुसणं डोळ्यासमोर आलं. "मी रंग सांगितला बाई," मी म्हणालो. "त्यांनी विचारला आणि मी सांगितला."

त्या ओरडल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढा."

मोटरसायकलवर मागे बसून त्या आयुष्यात पहिल्यांदा कुठं गेल्या असाव्यात. गावात पोचलो. अश्विनी आणि लताबाईंना ऑटोत बसवून जवळच्या मीसेवा केंद्रात, सरकारी अर्ज ऑनलाइन भरायच्या ठिकाणी, नेलं. बाईंनी स्वतः प्रत्येक रकाना तीनदा वाचला, मुलीला दोनदा वाचायला लावला, आणि पावती हातात आल्यावर लताबाईंना सांगितलं, "ही पावती म्हणजे अर्ज. ते आधी भरलं ते काहीच नव्हतं. आमची चूक हाय." लताबाई हसून "असू द्या" म्हणत राहिल्या. बाईंना ते हसणं सहन होत नव्हतं.

परतल्यावर मी ती जाहिरात काढून टाकली आणि ती किती जणांनी दाबली ते पाहिलं. साठच्या वर. त्यातले किती लोक आपला अर्ज झाला समजून घरी बसले होते, ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी भाऊंना सांगितलं, की पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आपली चूक छापायची, आजच्या आज.

भाऊ बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. "जाहिरात काढली ना? झालं. चूक छापली तर लोक म्हणतील, ह्यांच्या साईटवर फसवतात. मग कापसाचा भावसुद्धा कोणी वाचणार नाही. एजन्सी उद्या सोडून जाईल. दोन वार्ताहरांची घरं यावर चालतात, बाई."

"अन् ज्या पोरी बसल्या हायेत वाट पाहत?"

"त्यांनी बातमी नीट वाचायला पायजे होती."

हे वाक्य बोलल्यावर भाऊंनाच कसंतरी झालं असावं, कारण ते उठून बाहेर गेले. साईटच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. दोन ओळी टाकल्या असत्या तर काम झालं असतं. मी टाकल्या नाहीत. मी भागीदार आहे, भाऊंना न विचारता कसं करायचं, अशी कारणं मी स्वतःलाच देत बसलो.

बाईंनी माझ्याकडे मागितलंही नाही. त्यांनी प्रिंटरमधून एक कोरा कागद घेतला, स्केचपेननं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, खाली तेलुगूत: 'दोन्हीकाठ साईटवर हिरवं बटण दाबून बासरचा फॉर्म भरला असेल, तर तो भरला गेला नाही. मला भेटा. उद्या शेवटचा दिवस.' खाली स्वतःचं नाव आणि स्वतःचा फोन नंबर. कागद पुठ्ठ्याला चिकटवला आणि बसस्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या.

त्या दिवशी दुपारपर्यंत एकही माणूस जवळ आला नाही. लोक वाचायचे आणि चार पावलं लांबून जायचे. आपल्या मुलीचं नाव अनोळखी बाईला कोण सांगणार? कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, त्याखाली लिहिलं की बसस्टँडवर मुलींचे नंबर गोळा करणारी टोळी आली आहे. तो फोटो फिरत फिरत भाऊंच्या फोनवरही आला.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, मी आणि भाऊ बसस्टँडवर गेलो. त्यांना बाईंना घरी पाठवायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा भोवती गर्दी होती आणि एक कॉन्स्टेबल विचारत होता, "एम चेस्तुन्नारम्मा इक्कड?" म्हणजे इथं काय चाललंय. बाई तेलुगूत शांतपणे उत्तर देत होत्या, पण गर्दीतला एक माणूस ओरडला, "साहेब, ही बाईच फसवून राह्यली! नंबर कशाला पायजे हिला?" दुसऱ्यानं पुठ्ठा ओढला. बाईंनी तो सोडला नाही. त्यांच्या हातावरचं घड्याळ सरकून वर आलं होतं. वर्षानुवर्षं साऱ्या जगावर संशय घेणारी ही बाई, आता सगळं बसस्टँड तिच्यावर संशय घेत होतं, आणि तिला ते पूर्ण समजत होतं. त्यांनी त्या माणसाला उत्तर दिलं ते तसंच होतं: "बरोबर विचारलं. मीही हेच विचारलं असतं."

भाऊ माझ्या शेजारी उभे होते. ते पुढं सरकले, कॉन्स्टेबलजवळ गेले, आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब, ह्या आमच्या ऑफिसच्या बाई हायेत. त्या खरं बोलतात. चूक आमच्या साईटची हाय."

सगळ्यांसमोर ते बोलून गेले आणि मग परत घेता येण्यासारखं काही उरलं नाही. ऑफिसात येऊन त्यांनी स्वतः ती सूचना टाइप केली. पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत. दर तासाला ती पुन्हा वर आणायला मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सतरा फोन आले. बाई एका फोनवर, भाऊ दुसऱ्यावर, मी तिसऱ्यावर. मुदत संपेपर्यंत जेवढ्यांना मीसेवात पाठवता आलं तेवढ्यांना पाठवलं.

सगळ्यांना नाही पाठवता आलं. मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी उटनूरच्या रस्त्यावरच्या एका गावातून रेणुका आली, वडिलांबरोबर. तिनं आमची सूचना त्याच सकाळी पाहिली होती. तिचे मार्क अश्विनीपेक्षा बरेच जास्त होते. भाऊंनी खुर्ची पुढं केली. वडील बसले नाहीत. बाईंनी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही गोड न करता. रंग मी सांगितला होता हेही सांगितलं, आणि त्या वेळी माझ्याकडे बोट केलं.

रेणुका रडली नाही. तिनं विचारलं, "मग मी जे भरलं होतं, बाबांचा नंबर, उत्पन्न, ते कोणाकडं गेलं?"

बाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाही पोरी. अन् ह्यांनाही ठाऊक नाही."

वडिलांनी एवढंच म्हटलं, "चल." पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या फोनवर कसल्या कसल्या क्लासचे आणि कर्जाचे फोन यायला लागले, असं आम्हाला नंतर कळलं. रेणुकानं आदिलाबादच्या कॉलेजात नाव घातलं. तिचं बासर गेलं ते गेलं. तिच्या वडिलांनी आमची साईट पुन्हा उघडली नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबरच आहे.

एजन्सी गेली. एक वार्ताहरही गेला. साईट आता साधी झाली होती. एका बातमीला एकच पान. वैद्यबाई दुपारच्या उन्हात छत्री घेऊन गावातल्या दुकानांत जाहिराती मागायला जायच्या. जाहिरात देणाऱ्यालाच त्या इतके प्रश्न विचारायच्या की अर्धे दुकानदार हात जोडायचे. एका बियाणेवाल्याकडे त्यांनी परवाना पाहायला मागितला, तो म्हणाला, "बाई, मी पैसे देऊन राह्यलो की घेऊन?" तरीही काही जण आले. त्यांच्या जाहिराती पिवळ्या चौकटीत, वर 'जाहिरात' असं ठळक लिहून. लोक त्या वाचायचे, आणि दुकानात जाऊन "तुमची ती पिवळी पट्टी पाह्यली" म्हणायचे. साईट कशीबशी तरली. चांगली चालली असं मी म्हणणार नाही.

भाऊ आणि बाई यांचं मात्र पुन्हा जमलं नाही. भाऊ कधी काही वाईट बोलले नाहीत. पण बाईंनी कोणत्याही पानावर बोट ठेवलं की त्यांचा चेहरा पडायचा. दिवाळीनंतर बाईंनी एक दिवस राजीनामा लिहून आणला, सरकारी पद्धतीचा, विषय, संदर्भ, सगळं व्यवस्थित. मला म्हणाल्या, "भाऊ माणूस खराब नाही. पण मला पाह्यलं की त्यांना तो बसस्टँड आठवते. रोज सकाळी कोणाला काही आठवून देत बसणं बरं नाही." त्या धर्माबादला भाचीकडे राहायला गेल्या. फोन केला तर उचलायच्या, पण आधी विचारायच्या, "कोण बोलून राह्यलं? नाव सांगा पूर्ण."

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. माझ्या मुलीला पाटीवर पहिली अक्षरं गिरवायला आम्ही बासरला घेऊन गेलो होतो. देवळातलं सगळं आटोपून घाटावर आलो, तर खालून चौथ्या पायरीवर वैद्यबाई उभ्या होत्या. आंघोळीला आल्या होत्या. हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली, आणि नजर आजूबाजूच्या माणसांवर एकेक करून फिरत होती. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "द्या माझ्याकडं, मी बसली हाय इथं." बाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत, नेहमीसारखं. भाऊ कसे आहेत विचारलं, मुलीचं नाव विचारलं. मी रेणुकाचं सांगितलं. ती पहिल्या वर्षात कॉलेजात पहिली आली होती. बाई पाण्याकडे पाहत राहिल्या.

मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. चष्मा काढून तोही दिला.

"धरा," म्हणाल्या, आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आलं, तिथं थांबल्या, डुबकी घेतली, वर आल्या, पुन्हा घेतली. मी पिशवी छातीशी धरून पायरीवर उभा होतो. पाठमोऱ्या त्या बराच वेळ पाण्यात राहिल्या, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.